एलिमिनेटर करून मिळेल

पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या देवळापासून चार पावलांवर एका वाड्याच्या जिन्याखाली अण्णांचं दुकान होतं. दुकान आपलं म्हणायचं. ताठ उभं राहिलं की डोकं जिन्याला लागायचं. बाहेर पत्र्याच्या पाटीवर लाल रंगात तीन ओळी होत्या. ‘रेडिओ दुरुस्ती. ट्रान्झिस्टर दुरुस्ती. एलिमिनेटर करून मिळेल.’ त्याखाली खडूनं, दर पावसाळ्यानंतर पुन्हा गिरवलेली चौथी ओळ असे : ‘सेट घेऊन यावे.’

१९७४ साली अकरावी मॅट्रिकला गणितात गचकलो आणि वडिलांनी मला अण्णांच्या हाताखाली घातलं. पहिले सहा महिने माझ्याकडे झाडलोट, चहा आणि जुन्या चॅसिसमधलं सोल्डर काढणं एवढीच कामं होती. सातव्या महिन्यात अण्णांनी एक ट्रान्सफॉर्मर पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, “हा नऊ झिरो नऊ. याचा एलिमिनेटर कर. चुकलास तर गिऱ्हाइकाचा सेट जाईल, माझा नाही. म्हणून जास्त जपून कर.”

आज ज्याला सगळे अडॅप्टर म्हणतात, त्याचं हे जुनं नाव. पूर्ण नाव बॅटरी एलिमिनेटर, म्हणजे बॅटरीला रजा देणारा. गिऱ्हाइकं त्याला ‘एलमेंटर’ म्हणत, कुणी ‘लिमिटर’ म्हणे. हे नाव आलं अमेरिकेतून, आणि तेव्हा ट्रान्झिस्टरचा जन्मही झाला नव्हता.

१९२०च्या दशकातल्या व्हॉल्व्हच्या रेडिओला तीन प्रकारच्या बॅटऱ्या लागत. ‘ए’ बॅटरी व्हॉल्व्हची तार तापवायला, ती बहुधा ॲसिडची, गाडीत असते तशी. ‘बी’ बॅटरी प्लेटला ४५ किंवा ९० व्होल्ट द्यायला. ‘सी’ ग्रिडसाठी. गाणं ऐकायचं तर ॲसिडची बॅटरी दिवाणखान्यात मांडायची आणि ती चार्ज करायला खांद्यावरून न्यायची. म्हणून घरच्या विजेवरून ही सगळी व्होल्टेज काढून देणारं खोकं निघालं. शिकागोत पॉल आणि जोसेफ गॅल्विन या भावांनी दिवाळं निघालेल्या एका बॅटरी कंपनीचा एलिमिनेटरचा धंदा लिलावात ७५० डॉलरला उचलला आणि सप्टेंबर १९२८मध्ये स्वतःची कंपनी काढली. पण तोवर थेट एसीवर चालणारे व्हॉल्व्ह बाजारात आले होते. एलिमिनेटर रेडिओच्या पोटात शिरला आणि बाहेरच्या खोक्याची गरज संपत चालली. गॅल्विन बंधू मोटारीतल्या रेडिओकडे वळले. त्याला त्यांनी ‘मोटोरोला’ हे नाव दिलं आणि पुढे तेच कंपनीचं नाव झालं.

तिथे मेलेला एलिमिनेटर आमच्याकडे ट्रान्झिस्टरनं जिवंत केला. व्हॉल्व्हचा रेडिओ फळीवर बसून भिंतीतल्या प्लगवर चालायचा. त्याला सेलची गरज नव्हती. ट्रान्झिस्टर हातात आला, शेतावर गेला, सायकलच्या हँडलला लटकला. पण घरी असतानाही तो सेल खायचाच. महिनाअखेरीला पोस्टाचं लायसन्स परवडे, सेल परवडत नसत. लोक सेल उन्हात ठेवत, पत्र्यावर तापवत आणि त्यातून आणखी दोन दिवसांची ‘आपली आवड’ ओरबाडत. मग कुणीतरी सांगे, पासोड्या विठोबापाशी एक जण एलिमिनेटर करून देतो.

करायचा कसा, ते सांगतो. नऊ झिरो नऊच्या ट्रान्सफॉर्मरला इकडून २३० व्होल्ट, तिकडून तीन तारा. मधली झिरो. दोन टोकांना एकेक डायोड, त्यांची तोंडं एकत्र. तिथून झिरोवर एक हजार मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा कंडेन्सर. झालं. बाहेर पत्र्याचा किंवा बेकलाइटचा डबा. पहिल्यांदा चालू करताना थेट प्लगमध्ये कधीच घालायचा नाही. सिरीज बोर्डावर लावायचा, म्हणजे मध्ये साधा बल्ब. बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे. विझलेला किंवा जेमतेम लाल राहिला तर पुढे जायचं.

माझा पहिला एलिमिनेटर मी मीटरवर मोजला आणि घाबरलो. नऊ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरनं तेरा दाखवले. अण्णा हसले. एसीचे नऊ व्होल्ट डायोडमधून कंडेन्सरवर साठतात तेव्हा ते लाटेच्या शिखराला पोहोचतात, म्हणजे १.४ पट. नऊचे पावणेतेरा होतात. त्यातला अर्धा-पाऊण व्होल्ट डायोड खातो. शिवाय काहीच जोडलेलं नसलं की ट्रान्सफॉर्मर स्वतःच थोडं जास्त देतो. “आता सेट जोड, आवाज मोठा कर आणि मग मोज,” अण्णा म्हणाले. काटा सव्वादहावर आला. नऊ व्होल्टचा तो सेट तेवढं सोसणारा होता. जेमतेम करंट ओढणारं एखादं नाजूक यंत्र त्याच एलिमिनेटरला लावलं असतं, तर त्याला बाराच्या वर सोसावे लागले असते. डब्यावर मात्र ९ असंच लिहिलेलं.

खडूची ती चौथी ओळ मला तेव्हा कळली. एकटा एलिमिनेटर किती व्होल्टचा, हा प्रश्नच अर्धवट होता. तो या सेटला किती व्होल्ट देतो, एवढंच सांगता येत होतं. कंडेन्सर कमी पडला तर गाण्यामागे घरघर येई, तीही सेट लावल्याशिवाय ऐकू येत नसे.

ऐंशीच्या दशकात टू-इन-वन आले, कॅल्क्युलेटर, वॉकमन, खेळण्यातले ऑर्गन आले आणि तयार अडॅप्टरांचा पूर आला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आम्ही ते गठ्ठ्यानं आणायचो. त्यांच्या पोटावर एक सरकती कळ असे : ३, ४.५, ६, ७.५, ९, १२. हे आकडे कुठून आले, ते कधी नीट पाहिलंत? सगळे दीडच्या पटीतले. दोन सेल, तीन सेल, चार, पाच, सहा, आठ. अडॅप्टरनं सेल घालवले, सेलचा हिशोब ठेवला. सेलचा एक चांगला गुण मात्र त्यानं ठेवला नाही. सेलला एकीकडे बोंडी असते, खोबणीत स्प्रिंग असते, कुठलं टोक कुठे हे लहान पोराला कळतं. अडॅप्टरच्या पिनेला बोंडी नसते. आतलं टोक प्लस की बाहेरचं, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यातून त्या सरकत्या कळेच्या अडॅप्टरला पाच-सहा पिनांचं चांदणीसारखं टोक असे आणि प्लस-मायनस उलटं करायची सोयही. म्हणजे चुकायच्या जेवढ्या वाटा, तेवढ्या सगळ्या एका डब्यात.

त्यातल्या एका वाटेनं मी गेलो. १९८९चा गणेशोत्सव. तोवर अण्णा थकले होते, दुकान मी बघत होतो. ऑर्केस्ट्रात वाजवणारा एक मुलगा संध्याकाळी धावत आला. “काका, आठला प्रोग्राम आहे. कीबोर्डचा अडॅप्टर गेलाय. नऊ व्होल्टचा द्या, जाडी पिन.” मी म्हटलं, “कीबोर्ड आण.” तो म्हणाला, “स्टेजवर मांडलाय हो, कुठे आणू?” गर्दी होती, मीही घाईत होतो. पिन त्याच्या जुन्या पिनेशी ताडून पाहिली, अगदी तीच. नऊ व्होल्ट, एक अँपिअर. दिला. साडेआठला तो कीबोर्ड काखेत घेऊन परत आला. आतून जळक्या वार्निशसारखा वास येत होता. त्याच्या कीबोर्डला आतलं टोक मायनस लागत होतं. मी दिलेल्यात आतलं टोक प्लस होतं. त्याचे पैसे मी चार महिने फेडत होतो.

आतलं टोक मायनस, हा प्रकार पुष्कळांना विचित्र वाटतो, पण त्यामागे साधं कारण आहे. ज्या यंत्रात सेलही बसतात, त्याच्या सॉकेटमध्ये एक छोटी पत्ती असते. पिन आत गेली की ती पत्ती सुटते आणि सेलचा संबंध तोडते. ही पत्ती सॉकेटच्या बाहेरच्या संपर्काला जोडलेली असते. सेलची प्लसची तार तिथून नेली, तर बाहेरचं टोक प्लस होणं आणि आतलं मायनस होणं ओघानंच आलं. गिटारवाल्यांचे नऊ व्होल्टचे पेडल आजही असेच असतात. कॅसिओच्या जुन्या नऊ व्होल्टच्या कीबोर्डांना आतलं टोक मायनस लागे. त्याच कंपनीच्या नंतरच्या साडेनऊ व्होल्टच्या कीबोर्डांना प्लस. यामाहाच्या बारा व्होल्टवाल्यांना प्लस. यांतल्या पुष्कळ पिना हाताला जवळजवळ सारख्याच लागतात. बाहेरून साडेपाच मिलिमीटर, आतलं भोक कधी २.१, कधी २.५. २.१ची पिन २.५च्या खुंटीवर बसतच नाही, पण २.५ची पिन २.१च्या खुंटीवर सैल बसते. हलवलं की चालतं, सोडलं की बंद पडतं, आणि ठिणग्या पडून सॉकेट काळं होतं. काही जुन्या मोडेमांना तर त्याच पिनेतून एसी लागे, डीसी नव्हे.

त्या दिवसानंतर खडूची ओळ पुसून मी ती पक्क्या रंगात लिहून घेतली.

नव्वदीत आणखी एक गंमत सुरू झाली. कोथरूडची, डेक्कनची मुलं अमेरिकेला गेली. सुट्टीला येताना आईबाबांसाठी रेडिओ, फोन, आन्सरिंग मशीन आणू लागली. अडॅप्टरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असे, १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आमच्या २३०मध्ये तो घातला की काही मिनिटांत धूर. एक आजोबा अशा अडॅप्टरची राख रुमालात बांधून घेऊन आले होते. “मुलानं पाठवलेलं, टाकवत नाही,” म्हणाले. त्यांना मी २३० व्होल्टवर चालणारा, नेमक्या आउटपुटचा अडॅप्टर करून दिला. सेट त्यांनी पिशवीत आणला होताच.

मग लोखंड गेलं. नव्या अडॅप्टरांत आधी २३० व्होल्टचं सरळ डीसी होतं, ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून बोटाएवढ्या ट्रान्सफॉर्मरमधून उतरवतात. म्हणून ते १०० ते २४० व्होल्ट, जगात कुठेही चालतात, आणि लेबलवरचा आकडा जवळजवळ तंतोतंत देतात. परदेशांत रिकाम्या अडॅप्टरनं किती वीज खावी यावर कायदे आले आणि लोखंडी ट्रान्सफॉर्मर बाजारातून उठलाच. आम्हा जुन्या लोकांची एक परीक्षा मात्र त्यात बुडाली. आम्ही अडॅप्टर तळहातावर तोलायचो. जड तो चांगला. आता चांगलाही हलका आणि वाईटही हलका. वाईटाच्या आत २३० व्होल्टची बाजू आणि तुमच्या हाताची बाजू यांच्यात मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं अंतर सोडलेलं मी पाहिलं आहे. तिथे पावसाळ्यात ओल धरली, झुरळ शिरलं, की भिंतीतली वीज थेट फोनपर्यंत येते.

ते उघडून बघायचं काम गिऱ्हाइकाचं नाही. केंद्र सरकारनं २०१२ साली इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला आणि २०१४ साली वाढवलेल्या यादीत अडॅप्टर घेतले. तेव्हापासून लेबलवर भारतीय मानकाची खूण आणि ‘आर’ या इंग्रजी अक्षरापुढे आठ आकडे असायला हवेत. ते आकडे ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकले की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. डब्यावर एक नाव आणि ॲपवर दुसरंच, असं दिसलं तर तो अडॅप्टर मी परत गल्ल्यावर ठेवतो.

फोनवाल्यांची पिनांवरून चाललेली भांडणं आता मिटली. युरोपात २८ डिसेंबर २०२४पासून नव्या फोनना टाइप-सी सक्तीचं झालं, आणि आपल्याकडे त्याचं मानक २०२३च्या जानेवारीत आलं. त्यातल्या मोठ्या चार्जरची रीत मला फार आवडते. आधी तो नुसते पाच व्होल्ट देतो. समोरच्या यंत्राला जास्त हवे असतील तर ते मागतं, मगच नऊ, पंधरा, वीस. म्हणजे सेट आधी बोलतो, अडॅप्टर नंतर देतो. अण्णांची खडूची ओळच ती, आता तारेत घातलेली.

पण राउटर, सेट-टॉप बॉक्स, कीबोर्ड, ब्लड प्रेशरचं यंत्र, यांतली पुष्कळ अजून जुन्या गोल पिनेवरच आहेत, आणि ती पिन कुणाशी बोलत नाही. तेव्हा अडॅप्टर गेला तर यंत्राच्या मागचं लेबल वाचा. व्होल्ट तेवढेच हवेत, कमी नाहीत, जास्त नाहीत. अँपिअर तेवढे किंवा जास्त. जास्त असल्यानं काही बिघडत नाही, यंत्र लागेल तेवढंच ओढतं, कमी पडले तर मात्र अडॅप्टर तापतो. एसी की डीसी, आणि गोलातल्या ठिपक्याच्या चित्रात आतलं टोक प्लस की मायनस. नवा आणल्यावर त्यावर चिकटपट्टी लावून यंत्राचं नाव लिहा, कारण वर्षभरात तो घरातल्या वायरींच्या डब्यात जाणार आहे. आणि दुकानात जाताना पिनेचा फोटो नेऊ नका. सेट घेऊन जा.