लेस्लीला वाचवा!

ऑगस्ट १९७४. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर डेलावेअर राज्यात बेथनी बीच नावाचं उन्हाळी सुट्टीचं गाव आहे. तिथल्या पुळणीवर लीसा हिल ही आठ वर्षांची मुलगी अंगावर वीज पडून गेली. वॉशिंग्टनला लागून असलेल्या मेरीलँडमधल्या टाकोमा पार्क या गावात तिचा जिवलग मित्र होता, तिच्याच वयाचा डेव्हिड पॅटरसन. या एका दुर्घटनेतून तीन वर्षांनी डेव्हिडच्या आईची, कॅथरीन पॅटरसन यांची ‘ब्रिज टू तेराबिथिया’ ही कादंबरी आली. अकरा वर्षांनी टीव्हीसाठी चित्रपट झाला आणि २००७ साली त्याच नावाचा मोठ्या पडद्यावरचा कौटुंबिक चित्रपट. या शेवटच्या चित्रपटाची पटकथा लिहिणाऱ्या दोघांपैकी एक होता खुद्द डेव्हिड.

मधल्या काळात वाटेत भेटलेल्या अनेकांनी पॅटरसन मायलेकांना या ना त्या शब्दांत एकच गोष्ट सुचवली. गोष्टीतल्या मुलीला मारू नका. मारायचंच असेल तर जरा बेतानं घ्या. या गोष्टीचा इतिहास बराचसा त्या सूचनेला मिळालेल्या नकारांनी घडला आहे.

डेव्हिडची जुनी शाळा बंद पडली होती. मित्र पांगले होते आणि नव्या शाळेत त्याचं कुणाशी जमत नव्हतं. एके दिवशी तो घरी आला तो ‘लिटल हाउस इन द बिग वुड्स’ या पुस्तकावरचा देखावा लीसाबरोबर करायचा बेत घेऊनच. लीसा भलतीच धीट होती. दुसरीतल्या पोरांच्या टी-बॉलच्या, म्हणजे छोट्यांच्या बेसबॉलच्या संघात घुसणारी ती एकटीच मुलगी. दोघं तिच्या घरामागच्या झाडीत खेळत. मुलीशी गट्टी केली म्हणून बाकीची पोरं डेव्हिडला चिडवत, पण त्याला त्याचं काहीच वाटत नसे.

त्या वर्षी डेव्हिडच्या घरात मरणाचा विषय आधीच येऊन गेला होता. त्याच्या आईला, कॅथरीन यांना वसंत ऋतूत कर्करोग निघाला आणि शस्त्रक्रिया झाली. त्या सावरत होत्या तोच लीसाची बातमी आली. डेव्हिडनं त्याचा आपल्या परीनं हिशेब मांडला: देव माझ्यावर रागावलाय, म्हणून त्यानं लीसाला नेलं, आणि आता तो माझ्या बहिणीलाही नेणार. वडील प्रेस्बिटेरियन चर्चचे पाद्री, आई एकेकाळी जपानमध्ये मिशनरी. देवाधर्माची भाषा घरात रोजची होती, तरी पोराच्या या हिशेबावर तयार उत्तर कुणाजवळ नव्हतं.

मुलांशी मरणाबद्दल बोलायची रीत अमेरिकेत पूर्वी नव्हती असं मात्र नाही. उलट एकेकाळी बालसाहित्यात दुसरं फारसं काही नसे. लंडनच्या जेम्स जेनवे या धर्मोपदेशकानं १६७१-७२ मध्ये ‘अ टोकन फॉर चिल्ड्रन’ लिहिलं. त्यात धर्मपरायण मुलं मृत्युशय्येवरून आईबापांनाच उपदेश करतात. १७०० साली बॉस्टनच्या कॉटन मॅदरनं त्याला न्यू इंग्लंडमधल्या मुलांच्या कहाण्यांची पुरवणी जोडली. घरोघरी लेकरं दगावत होती, तेव्हा पुस्तकांतही ती दगावत. ‘लिटल विमेन’मधली बेथ १८६९ सालच्या दुसऱ्या भागात गेली, त्याचं त्या काळच्या वाचकांना दुःख झालं असेल, नवल नव्हे.

विसाव्या शतकात चित्र पालटलं. लसी आल्या, प्रतिजैविकं आली, बालमृत्यू घटले आणि माणसं घराऐवजी इस्पितळात मरू लागली. मुलांच्या पुस्तकांच्या फळीवरूनही मरण हळूहळू हटलं. उरलं ते प्राण्यांपुरतं. डिस्नेच्या १९४२ सालच्या ‘बॅम्बी’त पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीनं जाते. ई. बी. व्हाइट यांच्या ‘शार्लट्स वेब’मध्ये (१९५२) शार्लट ही कोळीण मरते. माणसाच्या मुलाला मात्र अभय होतं.

हे अभय सत्तरच्या दशकात निघालं. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांच्या १९६९ सालच्या ‘ऑन डेथ अँड डाइंग’नं मोठ्यांना या विषयावर बोलतं केलं होतं. १९७३ मध्ये डोरिस बुकॅनन स्मिथ यांच्या ‘अ टेस्ट ऑफ ब्लॅकबेरीज’मध्ये मधमाश्यांच्या दंशानं एक मुलगा गेला आणि त्याचा मित्र मागे राहिला. त्याच वर्षी स्वीडनमध्ये अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांनी ‘द ब्रदर्स लायनहार्ट’मध्ये दोन भावांना मृत्यूच्या पलीकडच्या प्रदेशात नेलं.

लीसाची हकिकत कॅथरीन यांनी वॉशिंग्टनच्या बालसाहित्यिकांच्या एका बैठकीत सांगितली. एक संपादिका म्हणाल्या, हे लिहाच. पण मुलगी वीज पडून मरते असं लिहू नका, कुठल्याच संपादकाला ते पटायचं नाही. खरी घडलेली गोष्टच कादंबरीत खोटी वाटली असती! म्हणून पुस्तकात ओढ्यावर झोका घ्यायचा दोर आला.

लिहायला बसल्या त्याही बिचकतच. जुन्या वहीत, पेन्सिलीनं. म्हणजे जमलं नाही तर मनावर घेतलंच नव्हतं असं स्वतःलाच सांगता येईल. कादंबरीतल्या मुलीच्या, लेस्लीच्या मरणाचं प्रकरण जवळ आलं तशी लेखणी अडली. पुस्तक कुठवर आलं असं एका मैत्रिणीनं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, लेस्लीला मरू देणं मला झेपत नाहीये. मैत्रीण म्हणाली, तुला लेस्लीचं नव्हे, तुझं स्वतःचंच मरण झेपत नसेल. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. हा टोला बसल्यावर त्या घरी गेल्या आणि ते प्रकरण लिहून काढलं. पुढे संपादिका व्हर्जिनिया बकली यांनी आणखी एक प्रश्न टाकला: ही मरणाची गोष्ट आहे की मैत्रीची? कॅथरीन यांना तोवर ती मरणाची वाटत होती. मैत्रीची आहे हे ध्यानात आल्यावर त्यांनी आधीचा भाग नव्यानं बांधला.

घटना टाकोमा पार्कची असली तरी कादंबरी घडते ती व्हर्जिनियातल्या खेड्यात. १९५४ च्या सुमारास कॅथरीन यांनी उत्तर व्हर्जिनियातल्या लव्हेट्सव्हिल इथं सहावीच्या वर्गाला वर्षभर शिकवलं होतं. तिथली गरिबी, शेतावरची घरं आणि एकमेकांना पुरतं ओळखणारी शाळा त्यांनी ‘लार्क क्रीक’ला दिली. जेस आरन्स हा चार बहिणींमधला एकुलता एक मुलगा. सगळ्यांत वेगानं धावायचं म्हणून तो उन्हाळाभर सराव करतो आणि शाळेच्या पहिल्याच दिवशी शहरातून आलेली लेस्ली बर्क त्याच्यासकट सगळ्या पोरांना मागे टाकते. ही नवखी, परकी मुलगी लेखिकेनं स्वतःतच पाहिली होती. कॅथरीन यांचा जन्म १९३२ साली चीनमध्ये, मिशनरी आईबापांच्या पोटी झाला. युद्धामुळे कुटुंब अमेरिकेत परतलं आणि शाळेमागून शाळा बदलत राहिलं.

ओढ्यापलीकडच्या झाडीत जेस आणि लेस्ली तेराबिथियाचं राज्य थाटतात. हे नाव आपल्याला सुचलं असं कॅथरीन यांना वाटलं होतं. सी. एस. लुईस यांच्या नार्नियाच्या पुस्तकात तेरेबिंथिया नावाचं बेट आहे हे त्यांच्या मागाहून लक्षात आलं. गोष्टीत लेस्ली जेसला नार्नियाचीच पुस्तकं वाचायला देते, तेव्हा ही उसनवारी पात्राच्या अंगी शोभूनही दिसते.

कादंबरीतलं सर्वांत धाडसी प्रकरण मरणानंतरचं आहे. पावसानं ओढा फुगलेला, दोर तुटतो. त्या दिवशी जेस संगीताच्या बाईंबरोबर वॉशिंग्टनला चित्रं बघायला गेलेला असतो. लेस्लीलाही घेऊन जाऊ या, हे त्यानं सुचवलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पॅनकेक्स चापून खातो आणि बहीण त्याला झापते. आपल्या वयाचं जिवलग माणूस गमावणारे आपण एकटेच म्हणून त्याला क्षणभर ऐटही वाटते. मग तो धाकट्या मे बेलवर हात उगारतो आणि लेस्लीनं दिलेले रंग ओढ्यात भिरकावतो. दुःखात मूल कसं वागतं हे इथं कसलीही शिस्त न लावता दिसतं. ज्यांना वर्ग नावं ठेवतो त्या मायर्सबाई त्याला बोलावून घेतात. नवरा गेला तेव्हा लोक मला विसरायला सांगत होते आणि मला तर विसरायचं नव्हतं, असं त्या आपलंच दुःख त्याच्यापुढे उघडं करतात.

पुस्तक १९७७ साली निघालं आणि १९७८ चं बालसाहित्याचं न्यूबेरी पदक त्याला मिळालं. कॅथरीन यांनी ते डेव्हिडसाठी लिहिलं होतं. वाचून झाल्यावर लीसाचंही नाव घालायला त्यानंच सांगितलं, आणि अर्पणपत्रिकेत दोघांची नावं आली.

मानमरातब मिळाले तशी ओरडही झाली. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९९० ते १९९९ या दशकातल्या सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांच्या यादीत हे पुस्तक पहिल्या दहांत आहे. तक्रारी नाना परींच्या: जेस उठताबसता देवाचं नाव घेतो, भाषा आडदांड आहे, मुलांच्या खेळात जादूटोणा आहे, आणि मुलगी मरते. एका पाद्र्याच्या बायकोच्या पुस्तकावर अधर्माचा ठपका यावा, हा प्रकार गमतीचाच.

बाकी समाज मात्र दुसऱ्या दिशेनं चालला होता. १९८२ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडला ‘द डगी सेंटर’ सुरू झालं. जवळचं माणूस गमावलेल्या मुलांना एकत्र आणून बोलतं करणारी ही अमेरिकेतली पहिली संस्था समजली जाते. त्याच वर्षी डिसेंबरात ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातले दुकानदार मिस्टर हूपर, म्हणजे नट विल ली, वारले. दुसरा नट आणायचा की ते गावी गेले म्हणायचं? चमूनं तिसरा मार्ग धरला. २४ नोव्हेंबर १९८३ च्या भागात कार्यक्रमातला बाहुला-पक्षी बिग बर्ड सगळ्यांची चित्रं काढून आणतो आणि हूपरांचं चित्र द्यायला त्यांना शोधू लागतो. मग मोठी माणसं त्याला सरळ सांगतात की ते वारले, आणि आता परत येणार नाहीत.

१९८५ मध्ये ‘वंडरवर्क्स’ या मालिकेत ‘ब्रिज टू तेराबिथिया’चं पहिलं चित्ररूप आलं. दिग्दर्शन एरिक टिल यांचं; चित्रपट बेताच्या खर्चाचा आणि सुमारे तासाभराचा. पुढे नाटककार झालेल्या डेव्हिडला ही गोष्ट नव्यानं सांगायची होती, पण त्याची पटकथा बरीच वर्षं फिरत राहिली. लेस्लीचा मृत्यू टाळता येईल का, अशी चाचपणी स्टुडिओवाल्यांनी केलीच. ज्यानं आठव्या वर्षी खरी मैत्रीण गमावली त्यालाच ही सूचना!

अखेर वॉल्डन मीडिया या निर्मिती कंपनीनं मूळ शेवटासकट गोष्ट घेतली. ‘रगरॅट्स’ या कार्टून मालिकेच्या निर्मात्यांपैकी एक असलेले, मूळ हंगेरीचे दिग्दर्शक गाबोर चुपो यांचा हा खऱ्या नटांसह केलेला पहिलाच चित्रपट. कॅमेऱ्यामागे ‘टॅक्सी ड्रायव्हर’ आणि ‘रेजिंग बुल’वाले मायकल चॅपमन. जोश हचरसन जेस झाला, अ‍ॅनासोफिया रॉब लेस्ली. चित्रीकरण झालं न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या परिसरात, आणि राक्षस-पक्षी घडवले तिथल्याच वेटा डिजिटलनं.

कादंबरीतलं राज्य वाचकाच्या डोक्यात होतं. पडद्यावर ते दिसणं भाग होतं. चुपोंनी हात आखडता ठेवला. प्राणी येतात ते थोडे आणि उशिरा, तेही शाळेतल्या दांडगट पोरांचेच अवतार म्हणून. शेवटाकडे ज्या काळोख्या आकृतीपासून जेस रानातून पळत सुटतो, ती जवळ आल्यावर त्याचा बाप निघते. एरवी घुमा, कडक असलेला बाप पोराला कवेत घेतो आणि जेसला रडू फुटतं. संगणकानं केलेली करामत आणि गोष्टीचा आशय इथं एकजीव होतात.

१६ फेब्रुवारी २००७ ला डिस्नेनं चित्रपट आणला. वॉल्डनच्याच नार्निया चित्रपटाला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं, तेव्हा जाहिरातीत अक्राळविक्राळ प्राणी आणि तलवारबाजीच पुढे केली गेली. ही दिशाभूल आहे, असं डेव्हिडनं उघड म्हटलं. परीकथा बघायला म्हणून गेलेली कुटुंबं डोळे पुसत बाहेर पडली. तरी जगभरात त्यानं सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर कमावले. खर्च अडीच कोटींच्या आतला होता. तिकीटबारीवर शोकांत चालत नाही, ही स्टुडिओंची भीती निदान या वेळी फोल ठरली.

आज पाहताना त्यातले संगणकी राक्षस जुने वाटतात. चित्रं बघून परतलेला जेस घरात पाऊल टाकतो तिथून पुढचा भाग मात्र जराही जुना झालेला नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हा चित्रपट अवश्य दाखवावा. फक्त तो भाग आला की रिमोट उचलू नये, आणि चहा टाकायला आत जाऊ नये. मुलं प्रश्न विचारतील, तेव्हा मोठं कुणीतरी शेजारी बसलेलं हवं.