सहनशीलता, ख्रिस्ती धर्मातील
दुःख, विलंब व विरोध यांना ईश्वरावरील भरवशाने तोंड देण्याचा सद्‌गुण. नव्या कराराच्या मूळ ग्रीक संहितेत यासाठी प्रामुख्याने दोन शब्द आढळतात : ‘हुपोमोने’ म्हणजे संकटाच्या भाराखाली टिकून राहणे आणि ‘माक्रोथुमिया’ म्हणजे दुसऱ्याच्या अपराधाबाबत दीर्घकाळ क्रोध आवरणे. मराठी बायबलमध्ये त्यांसाठी सामान्यतः ‘धीर’ व ‘सहनशीलता’ हे शब्द योजले आहेत. याकोबाच्या पत्रात पावसाची वाट पाहणारा शेतकरी व ईयोब हे धीराचे आदर्श म्हणून येतात. ईयोब मात्र निमूटपणे सोसत नाही. तो देवाला जाब विचारतो. टर्टलियन (सु. १६०–सु. २२५), सिप्रियन (मृ. २५८) व संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी या सद्‌गुणावर स्वतंत्र निबंध लिहिले. सेंट टॉमस अक्वाय्नस (सु. १२२५–७४) यांनी तो धैर्याचे अंग मानला. शोकामुळे विवेक ढळू न देणे, हे त्यांच्या मते सहनशीलतेचे कार्य होय.

महाराष्ट्रात या सद्‌गुणाची कसोटी प्रथम मिशनऱ्यांच्या कार्यात लागली. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले, तेव्हा त्यांना परत पाठविण्याचे सरकारी हुकूम होते. तरीही ते चिकाटीने राहिले. हॉल यांचा १८२६ मध्ये पटकीने मृत्यू झाला. त्याच वर्षी मिशनचा मराठी नवा करार प्रसिद्ध झाला.

सहनशीलता आणि अन्यायापुढील शरणागती यांतील भेद पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) जीवनात विशेष स्पष्ट दिसतो. दुष्काळातील हालअपेष्टांत त्यांचे आईवडील व बहीण मरण पावली. पुढे अल्पावधीतच वैधव्य आले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि धर्मगुरूंची आज्ञा विनातक्रार पाळावी, ही अपेक्षा त्यांनी मानली नाही. आपल्या सदसद्‌विवेकाचे स्वातंत्र्य त्या पत्रव्यवहारातून ठामपणे मांडत राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या सोशिकतेचा गौरव करण्याऐवजी, ती ज्या रूढींमुळे त्यांच्यावर लादली जाते, त्यांवर त्यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथात (१८८७) टीका केली. त्यांचा स्वतःचा धीर कार्यात प्रकटला. केडगाव येथील मुक्तिसदनात दुष्काळपीडित मुली व विधवा यांचा सांभाळ करीत असतानाच, हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२१ मध्ये कन्या मनोरमा यांचा मृत्यू झाला, तरी काम थांबले नाही. रमाबाईंच्या निधनानंतर १९२४ मध्ये हे भाषांतर प्रसिद्ध झाले.

लक्ष्मीबाई टिळकांचे (१८६८–१९३६) उदाहरण गृहजीवनातील आहे. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये धर्मांतर केल्यावर त्यांनी काही वर्षांचा वियोग सोसला; १९०० मध्ये स्वतःची खात्री पटल्यानंतरच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या निधनानंतर (१९१९) त्यांचे अपूर्ण ख्रिस्तायन पुढे नेण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. या दोघींच्या जीवनात सहनशीलता ही दैवाधीनता ठरली नाही. दुःख पचवून हाती घेतलेले कार्य न सोडण्याची ती शक्ती ठरली.