सेल्फ, हँडल आणि नानांचा अंगठा

माझ्या नानांच्या उजव्या हाताचा अंगठा वाकडा होता. लहानपणी मला वाटायचं, जन्मापासूनच तसा असेल. पुढे अम्मीनं सांगितलं की तो जीपच्या हँडलनं मोडला. नाना दारव्ह्याच्या एका जिनिंग कारखान्यात ड्रायव्हर होते. कापसाच्या हंगामात एका पहाटे गाडी चालू करताना हँडल उलटं फिरलं. कारखाना बंद झाला तेव्हा मालकांनी तीच जीप नानांना देऊन टाकली. आजही ती आमच्या अंगणात कडुनिंबाखाली उभी आहे. जागची न हलता तिनं मध्य प्रांत-वऱ्हाड, मध्य प्रदेश, द्विभाषिक मुंबई आणि महाराष्ट्र अशी चार राज्यं पाहिली.

मोटारींच्या इतिहासात इंजिनाचं कौतुक फार होतं, सेल्फचं कोणी करत नाही. 'सेल्फ स्टार्टर' या नावातला दुसरा शब्द आपल्या गॅरेजवाल्यांनी कधीच गाळून टाकला. 'सेल्फ मार', 'सेल्फ उचलत नाही', एवढं पुरतं. पण या नावात मोठी गोष्ट आहे. गाडी आपली आपण सुरू होते, म्हणजे पुढे उभं राहून जोर लावणारा माणूस आता लागत नाही.

पूर्वी तो लागायचा. हँडल फिरवताना पिस्टन वर पोहोचण्याआधीच ठिणगी पडली, तर इंजिन उलटा झटका देतं आणि लोखंडी हँडल हाताला मागे फेकतं. म्हणून जुने ड्रायव्हर शिकवायचे की अंगठा हँडलभोवती गुंडाळू नका, चार बोटांच्याच बाजूला ठेवा. हँडल खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका. या झटक्यानं जगभर किती मनगटं मोडली असतील, कुणास ठाऊक.

त्यावर उपाय काढला अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी. ते आधी गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होते आणि तिथं गल्ला उघडायला त्यांनी विजेची मोटर बसवली होती. त्यातून त्यांना एक गोष्ट उमगली. जी मोटर काही क्षणच चालायची आहे, तिच्यावर तिच्या कुवतीपेक्षा कितीतरी जास्त भार टाकता येतो. इंजिन फिरवण्याएवढी मोटर गाडीत मावणार नाही, असं तोवर मानलं जायचं. 1912 च्या कॅडिलॅकला विजेचा सेल्फ लागला. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला तो मिळायला 1919 उजाडलं. (सेल्फ सलग दाबून धरू नका, असं मिस्त्री ओरडतात त्याचं कारणही हेच. तो दमेकरी पहिलवान आहे.)

आमच्याकडे मात्र हँडल पुढची कित्येक दशकं टिकलं. अँबेसेडर आणि फियाटलासुद्धा समोर हँडलचं भोक असायचं. बॅटरी महाग, ती चार्ज करायची सोय तालुक्याच्या गावी, आणि गाडी काळ्या मातीत फसलेली. अशा वेळी सेल्फच्या भरवशावर कोण निघणार?

आमची जीप लढाईतली, विलीज एमबी. विलीज आणि फोर्डनं मिळून अशा सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. लढाई संपल्यावर उरलेल्या जीपा लिलावात विकल्या गेल्या. 'डिस्पोजलची जीप' हा शब्द तेव्हाचा. पुढे ज्या कंपनीनं भारतात जीप आणली, तिचं 1945 सालचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि नंतर गव्हर्नर जनरलही. 1948 मध्ये कंपनीच्या नावातलं 'मोहम्मद' जाऊन दुसरं 'महिंद्रा' आलं. ते गेले. नाना, त्यांचे मिस्त्री आणि मिस्त्रींचे उस्ताद जीपखालीच राहिले.

आता मूळ गोष्ट. मागच्या वर्षी मामेबहिणीच्या लग्नासाठी जीप रंगवून घेतली. त्यानंतर सेल्फ रडायला लागला. या जीपला चावीनं सेल्फ लागत नाही. ॲक्सिलरेटरच्या बाजूला पायानं दाबायचं बटन आहे. बटन दाबलं की एक लांब कण्हणं ऐकू यायचं आणि इंजिन जेमतेम अर्धा वेढा घ्यायचं.

एका गॅरेजवाल्यानं बॅटरी बदलली. दुसऱ्यानं सेल्फ उतरवून नवे कार्बन, नवे बुश टाकले, आर्मेचर घासलं. फरक शून्य. तिसरा म्हणाला, "ही सहा व्होल्टची भानगडच काढून टाका, बारा व्होल्टचा सेल्फ बसवतो." त्याचं अगदीच चूक नव्हतं. व्होल्ट निम्मे असले की तेवढ्याच ताकदीला करंट दुप्पट लागतो आणि त्याच वायरीत चौपट शक्ती वाया जाते. पण 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, फी वीस हजार. मला ती करायची होती, आणि गाडी नानांनी चालवली तशीच ठेवून. नाहीतर भंगारवाला दारात होताच.

शेवटी नानांच्या ओळखीच्या मिस्त्री चाचांना रिक्षानं आणलं. वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यांनी पाना मागितला नाही. आधी म्हणाले, "हँडल से घुमा." इंजिन सहज फिरलं, म्हणजे जाम नव्हतं. "अब सेल्फ मार." मोटर नुसतीच गरगरली असती तर बेंडिक्स अडकलाय असं ते म्हणाले असते, तो रॉकेलनं धुऊन कोरडा ठेवायचा, ग्रीस लावलं की धूळ धरतो. कर्रकन वाजलं असतं तर फ्लायव्हीलचे दात. चार सिलिंडरचं इंजिन बहुतेक वेळा ठरावीक दोनच जागी थांबतं, म्हणून दात तिथेच झिजतात. पण आवाज यातला कुठलाच नव्हता.

"फिर मार." या वेळी त्यांनी डॅशबोर्डखाली हात घालून चोकची तार धरली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"तार तप गई, बेटा. करंट रस्ता ढूँढ रहा है. अर्थ की पट्टी किधर है?"

जीपचं इंजिन रबरावर बसवलेलं असतं. बॅटरीचा करंट सेल्फमधून इंजिनात येतो आणि परत जायला त्याला इंजिनापासून चेसीपर्यंत एक विणलेली तांब्याची पट्टी लागते. पेंटरनं ती सोडून रंग मारला होता, मग रंगावरच पुन्हा कसली होती. वाट बंद झाल्यावर सगळा करंट चोकच्या बारक्या तारेतून जायला बघत होता. बॅटरी नवी, सेल्फ नवा, आणि दोष एका बोल्टाखालच्या काळ्या रंगात.

पॉलिश पेपरनं दोन्ही जागा चकचकीत घासल्या, पट्टी आवळली. बटनावर पाय ठेवला आणि जीप एका दमात उठली. अम्मी दारात येऊन उभी राहिली.

चहा घेताना चाचांनी हँडल गाडीतच ठेवायला सांगितलं. मी म्हणालो, "याच हँडलनं नानांचा अंगठा गेला ना?" ते बराच वेळ बशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आदल्या दिवशी टाइमिंग मी लावलं होतं. चौदा-पंधराचा होतो. उस्तादांनी पहिल्यांदा मला लावू दिलं होतं."

अम्मीलाही हे ठाऊक नव्हतं. नानांनी घरी कधी सांगितलं नाही, आणि गाडी शेवटपर्यंत त्याच गॅरेजला नेली.