सीमाभागातून एरोस्पेसकडे : महाविद्यालय निवडताना

निपाणीहून बेळगावकडे महामार्गाने निघाले की संकेश्वरच्या पुढे हत्तरगी लागते. टोलनाक्यामुळे हे नाव प्रवाशांच्या परिचयाचे आहे. त्याच हत्तरगीत सुमारे २५० एकरांवर एक्वस कंपनीचे विशेष आर्थिक क्षेत्र २००९ पासून उभे आहे. एअरबस, बोइंग, साफ्रान अशा कंपन्यांना लागणारे विमानांचे सुटे भाग येथे तयार होतात. धातूची काटेकोर कातणी, फोर्जिंग, पृष्ठभागावरील रासायनिक प्रक्रिया आणि भागांची जुळणी ही कामे एकाच आवारात चालतात. तंबाखूच्या वखारींमुळे ओळखल्या जाणाऱ्या निपाणीपासून हे ठिकाण तासाभराच्या आत आहे. सीमाभागातील बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना एरोस्पेसचे आकर्षण वाटू लागले, यात त्यामुळे नवल नाही. प्रश्न असतो तो कोणत्या महाविद्यालयात जावे हा, आणि दोन राज्यांच्या सीमेवर तो दुहेरी होतो.

प्रथम नावांचा घोळ निस्तरला पाहिजे. ‘एरोनॉटिकल’ म्हणजे वातावरणात उडणाऱ्या यानांची अभियांत्रिकी. ‘एरोस्पेस’मध्ये तिच्या जोडीला अग्निबाण व उपग्रह येतात. पदवीच्या पातळीवर वायुगतिकी, संरचना, प्रणोदन आणि उड्डाणनियंत्रण हे मुख्य विषय दोन्हीकडे जवळपास सारखेच असल्याने केवळ नावावरून निवड करण्याचे कारण नाही. ‘एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरिंग’ मात्र सर्वस्वी वेगळे. तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवान्याचा मार्ग आहे. उभ्या विमानाची तपासणी करून ते उड्डाणास योग्य असल्याची सही करणारा तंत्रज्ञ त्यातून घडतो. अनेक खासगी संस्था या दोहोंतील फरक जाहिरातीत पुसट ठेवतात. पालकांनी पदवी मिळणार की परवाना, हे पहिल्याच भेटीत लेखी विचारावे. सांबऱ्यातील हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्रातून हवाई सैनिक घडतात. अभियंत्याच्या पदवीशी त्याचा संबंध नाही.

दोन राज्ये, दोन दारे

कर्नाटकातील प्रवेश परीक्षा प्राधिकरणामार्फत, म्हणजे ‘केईए’मार्फत, होतात. राज्यातील शाळा-महाविद्यालयांत किमान सात शैक्षणिक वर्षे शिकून दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण झालेला विद्यार्थी शासकीय कोट्यास पात्र ठरतो. अट ‘किंवा’ची आहे, हे निपाणीकरांनी ध्यानात ठेवावे. निपाणीला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात मोडते. दहावीपर्यंत निपाणीत शिकून अकरावी-बारावीसाठी तेथे गेलेल्या विद्यार्थ्याचा कर्नाटकातील हक्क केवळ त्या कारणाने जात नाही.

दुसरे दार महाराष्ट्राचे. तेथील सीईटी कक्षाच्या नियमांत सीमाभागासाठी स्वतंत्र ‘ई’ प्रकार आहे. वादग्रस्त सीमाक्षेत्रातील मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी किंवा बारावी उत्तीर्ण झालेला, त्याच क्षेत्रात राहणारा आणि मराठी मातृभाषा असलेला विद्यार्थी या प्रकारातून महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून अर्ज करू शकतो. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील कित्येक घरांत ही तरतूद अद्याप पोहोचलेली नाही.

दोन्ही परीक्षा देणाऱ्याने त्यांच्या गुणांकनातील भेद समजून घ्यावा. कर्नाटकाच्या सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांना प्रत्येकी ६० असे १८० गुण असतात आणि अभियांत्रिकीची क्रमवारी लावताना सीईटी व बारावी यांना निम्मे-निम्मे वजन मिळते. महाराष्ट्राची सीईटी २०० गुणांची असून त्यांतले १०० एकट्या गणिताचे. तेथे बारावीचे गुण पात्रतेपुरतेच लागतात आणि क्रमवारी सीईटीवर ठरते. बोर्डात चांगले गुण मिळवणाऱ्यास पहिले दार सोयीचे, गणितात वेगवान असणाऱ्यास दुसरे. शिवाय कर्नाटकाच्या पीयू विज्ञान शाखेस एनसीईआरटीची पुस्तके आहेत, तर महाराष्ट्राची सीईटी त्या राज्याच्या मंडळाच्या पुस्तकांवर बेतलेली असते. पीयूच्या विद्यार्थ्याने ती पुस्तके बारावीच्या प्रारंभीच आणून ठेवावीत; मे महिन्यात धावपळ करून ती पचत नाहीत.

गोव्यातील विद्यार्थ्यांस या दोन्ही राज्यांतील स्थानिक कोटा लागू नाही. फर्मागुडीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात या शाखेची पदवी नसल्याने त्यांना कर्नाटकातील खासगी महाविद्यालयांसाठी ‘कॉमेड-के’ किंवा राष्ट्रीय पातळीवरील जेईई हे मार्ग उरतात.

जवळचे आणि दूरचे

बेळगावच्या मच्छे परिसरात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी राज्यातील बहुसंख्य अभियांत्रिकी महाविद्यालये संलग्न आहेत. उद्यमबागेतील गोगटे तंत्रज्ञान संस्थेत (स्थापना १९७९) एरोनॉटिकल शाखेचा विभाग उभा राहिला. महाराष्ट्राच्या बाजूस सांगली जिल्ह्यातील आष्टा येथील अण्णासाहेब डांगे महाविद्यालयात एरोनॉटिकलची पदवी आहे. निपाणीच्या मुलाला घरी ये-जा ठेवण्याच्या दृष्टीने हे बंगळूरपेक्षा कितीतरी जवळ. लहान शाखांची प्रवेशक्षमता वर्षागणिक बदलत असते. चालू वर्षाचा जागांचा तक्ता पाहिल्याविना कोणत्याच महाविद्यालयाचा पर्याय क्रमवारीत भरू नये.

बंगळुरात आर. व्ही., बी. एम. एस., एम. व्ही. जे. अशा अनेक महाविद्यालयांत एरोस्पेस किंवा एरोनॉटिकल शिकवतात आणि एचएएल, राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळा, इस्रो यांची कार्यालये त्याच शहरात असल्याने प्रकल्प व प्रशिक्षणाची सोय तेथे अधिक. सर्वांत वरच्या पायरीवर मुंबई, मद्रास, कानपूर, खरगपूर येथील आयआयटी आणि तिरुअनंतपुरमची २००७ साली सुरू झालेली भारतीय अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे. तिचे प्रवेशही जेईई अॅडव्हान्स्डच्या गुणवत्तेवर होतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा एरोस्पेस विभागही नामांकित असून तो पदव्युत्तर शिक्षणासाठी ओळखला जातो.

या संस्थांत प्रवेश मिळत असेल तर फार विचार करण्याचे कारण नाही. अडचण मधल्या विद्यार्थ्याची असते. दुय्यम महाविद्यालयातील एरोस्पेस घ्यावे की चांगल्या महाविद्यालयातील मेकॅनिकल? येथे शाखेच्या नावाचा मोह आवरलेला बरा. इस्रोच्या केंद्रीय भरतीतील अभियंता पदे प्रामुख्याने इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि संगणक शाखांसाठी निघतात. हवाई दलात तांत्रिक अधिकाऱ्याच्या पदाचे नावच ‘एरोनॉटिकल इंजिनिअर’ आहे, तरी त्यासाठी मेकॅनिकल व इलेक्ट्रॉनिक्सचे पदवीधरही पात्र असतात. हत्तरगीसारख्या ठिकाणी चालणारे काम तर उत्पादनाचे आहे. सीएनसी यंत्राची आज्ञावली, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतचे मापन, धातूतील अदृश्य भेगा शोधणारी चाचणी हे ज्याला येते तो तेथे उपयोगी पडतो, आणि हे मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यालाही शिकता येते. पुढे गेट परीक्षेत एरोस्पेसची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. मेकॅनिकलचा पदवीधर ती देऊन एम.टेक.साठी या क्षेत्रात येऊ शकतो. उलट दिशेचा प्रवास कठीण जातो, कारण मेकॅनिकलसाठी निघालेल्या अनेक जाहिरातींत एरोस्पेसचा उल्लेखही नसतो. परदेशाचे स्वप्न पाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. अमेरिकेतील संरक्षण व अग्निबाण उद्योगात निर्यातनियंत्रण कायद्यांमुळे बहुतेक नोकऱ्या तेथील नागरिक व कायम रहिवासी यांच्यापुरत्याच राहतात.

या क्षेत्राचा भारतातील इतिहासही पायाभूत शिक्षणाच्याच बाजूने साक्ष देतो. वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळुरात विमानांचा कारखाना काढला, तोच आजचा एचएएल. तेथे एचटी-२ या प्रशिक्षण विमानाची रचना डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली झाली आणि १९५१ साली ते उडाले. घाटगे यांनी जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन केले होते. त्या पिढीला ‘एरोस्पेस’ हा शब्दही ठाऊक नव्हता. गणित आणि प्रवाहशास्त्र मात्र पक्के होते.

भेटीत काय पाहावे

महाविद्यालयाच्या दर्शनी भागात जुने विमान उभे असेल तर ते छायाचित्रास उपयुक्त. त्यावरून काही ठरवू नये. वातबोगदा अर्थात विंड टनेल दाखवण्यास सांगावे आणि तो गेल्या सत्रात कोणत्या प्रयोगासाठी चालला हे तेथील विद्यार्थ्यांना विचारावे. धूळ बसलेला वातबोगदा बरेच काही सांगतो. विभागातील किती प्राध्यापकांचे स्वतःचे शिक्षण एरोस्पेसमधील आहे, एनबीएचे मानांकन महाविद्यालयास आहे की या शाखेस (ते शाखानिहाय मिळते), विद्यार्थ्यांचा संघ एसएईच्या विमानरचना स्पर्धेत उतरतो का, हे प्रश्न नोकरीच्या आकडेवारीपेक्षा अधिक उपयोगी पडतात. आकडेवारी विचारायचीच तर याच शाखेच्या मागील तुकडीची, कंपन्यांच्या नावांसह मागावी. बहुतेक ठिकाणी त्या यादीत सॉफ्टवेअर कंपन्याच अधिक दिसतात.

कागदपत्रांची जमवाजमव निकालापूर्वी व्हावी. कर्नाटकासाठी सात वर्षांच्या शिक्षणाचे दाखले शाळाशाळांतून गोळा करावे लागतात. महाराष्ट्राच्या ‘ई’ प्रकारासाठी सीमाक्षेत्रातील वास्तव्याचे आणि मराठी मातृभाषेचे अशी दोन प्रमाणपत्रे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतील नमुन्यातच लागतात. शाळेच्या दाखल्यावर मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिले आहे, ते दहावीच्या वर्षीच तपासून घ्यावे.