मोहसडव्याची कुळकथा

गडचिरोली-चंद्रपूरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी गावाचे नाव बदलून वर्षभर छापून येते: जंगलात, नाल्याकाठी, ड्रममध्ये दडवून ठेवलेला मोहसडवा पोलिसांनी नष्ट केला. दारूचा थेंब हाती लागला नाही तरी कारवाई यशस्वी ठरते. त्यात तथ्य आहे. भट्टी तासाभरात पुन्हा मांडता येते, सडव्याला मात्र दिवस द्यावे लागतात.

सडवा म्हणजे पाण्यात आंबवलेली मोहफुले. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. तो वेचायचा, अंगणात वाळवायचा आणि हवा तेव्हा भिजत घालायचा. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखरच असते. भिजवण फसफसू लागते, काही दिवसांनी शांत होते, मग ते भट्टीवर चढते आणि पहिली धार पडते. या सगळ्या खटाटोपात यीस्ट म्हणून कुणी वेगळे काही घालत नाही.

तरी ते येतेच. काही फुलाबरोबर येते, कारण गोड फुलांवर यीस्टची वस्ती असतेच. काही मडक्यातून येते: भाजलेल्या मातीच्या छिद्रांत मागच्या खेपेचे अवशेष टिकून राहतात, म्हणून मुरलेले मडके नव्यापेक्षा लवकर कामाला लागते. तिसरी वाट जुन्या सडव्याची. त्यातला थोडा भाग उकळण्याआधी बाजूला काढला, की नव्या फुलांना तोच विरजणासारखा लागतो. ‘उकळण्याआधी’ ही अट मोडून चालत नाही. भट्टीवर चढलेल्या सडव्यातले यीस्ट मरून जाते आणि उरलेल्या चोथ्यातून काही उगवत नाही.

घरी बिअर करणारा हौशी माणूस विरजणाचे हेच काम काचेच्या चंबूत करतो. लिटरभर पाण्यात सुमारे १०० ग्रॅम माल्टचा अर्क उकळायचा, निववायचा, त्यात यीस्ट सोडायचे आणि दिवस-दोन दिवस हलवत ठेवायचे, म्हणजे हवा मिळून पेशी भराभर वाढतात. मोठ्या पिंपात पडेपर्यंत त्यांची संख्या इतकी व्हायला हवी, की उपद्रवी जिवाणूंना डोके वर काढायला सवड मिळू नये. हे शास्त्र तसे अलीकडचे. लेव्हेनहूकने १६८० मध्ये बिअरमधले यीस्टचे गोल कण भिंगातून पाहिले, पण ते जिवंत आहेत हे ठरायला एकोणिसावे शतक उजाडले. पाश्चरचा बिअरवरचा ग्रंथ १८७६ चा. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले आणि तेव्हापासून मद्यशाळांना हवा तो वाण निवडता येऊ लागला.

वेगळे तयार केलेले विरजण भारतात मात्र फार जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात ‘किण्व’ बांधायची कृती दिली आहे: उडदाचा लगदा, कच्चा किंवा शिजवलेला, त्याहून अधिक तांदूळ आणि मोरटा वगैरे वनस्पतींचा प्रत्येकी एक कर्ष भाग. हे किण्व कसे वापरायचे, त्याचेही माप आहे. ‘मेदक’ नावाच्या मद्यासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. चार प्रस्थांचा आढक धरला, तर तांदळाच्या दीडपट किण्व पडते. आजच्या हौशी माणसाला हे प्रमाण अवाढव्य वाटेल.

पण तांदळाची अडचण वेगळी आहे. त्यात पिष्ट असते, आणि पिष्टाची साखर झाल्याशिवाय यीस्टला ते खाता येत नाही. म्हणून झारखंड-ओडिशात हंडियासाठी तांदळाचे पीठ आणि रानमुळ्या कालवून ‘राणू’च्या गोळ्या वाळवतात, नेपाळ-सिक्कीममध्ये ‘मर्चा’ची वडी करतात. त्यांतली बुरशी पिष्ट फोडते, यीस्ट पुढचे काम उरकते. इंद्रावतीपलीकडे बस्तरमध्ये लांदा करताना तिसरीच युक्ती आहे: वाफवलेल्या तांदळाच्या पिठात मोड आणलेल्या मक्याचे पीठ मिसळायचे. मोडातली विकरे पिष्ट फोडतात. युरोपात बिअरसाठी सातूला मोड आणतात, तेही याचसाठी. मोहाने हा सगळा व्याप वाचवला. फुलातली साखर तयारच असते, त्यामुळे या रानात गोळी-वडीची गरज पडली नाही आणि मडके हेच विरजणाचे घर झाले.

गुळाचा सडवा आला, तेव्हा मात्र वरून काहीतरी घालायची पाळी आली. पोलिसांच्या पंचनाम्यात काळ्या गुळाशेजारी नवसागर दिसतो, कल्हईवाला वापरतो तोच. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड. गुळात साखर भरपूर, पण यीस्टला वाढायला लागणारा नायट्रोजन तुटपुंजा. ती तूट अमोनियम भरून काढते. परदेशात घरी मधाचे मद्य करणारे याच कारणासाठी डायअमोनियम फॉस्फेट घालतात. फरक इतकाच, की त्यांचे खाण्यायोग्य प्रतीचे असते आणि कल्हईचा नवसागर पोटासाठी बनवलेला नसतो.

सरकारची नजर सडव्याच्याही आधी फुलावर पडली होती. चोरट्या भट्ट्या बंद पाडण्यासाठी मुंबई सरकारने १८९२ मध्ये खास मोहफुलांचा कायदा केला, तो ठाणे-कुलाब्यासाठी. चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर-गडचिरोली, तेव्हा मध्य प्रांतात होता. मुंबई राज्यात आल्यावर त्याला १९४९ चा दारूबंदी कायदा लागला. गडचिरोलीत लोकचळवळीनंतर १९९३ पासून संपूर्ण दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये उठली. या काळात सडवा अंगणातून जंगलात गेला आणि मडक्याच्या जागी प्लास्टिकचा ड्रम आला. ड्रम जमिनीत पुरता येतो, पण त्याच्या गुळगुळीत अंगात मागची खेप मातीसारखी मुरत नाही. मग भिस्त फुलावर आणि शिल्लक ठेवलेल्या सडव्यावरच.

मध्य प्रदेशाने दरम्यान मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ मद्य म्हणून परवाना दिला. डिंडोरी आणि अलीराजपूरचे आदिवासी बचत गट ती गाळून बाटलीत भरतात. तिथे सडव्याची प्रत एकसारखी राखावी लागते. गडचिरोलीत त्याच सडव्याची नोंद अजून जप्त मुद्देमाल म्हणून होते, लिटरच्या हिशेबाने.