जुन्या वारज्यातील मुले आणि सव्वा रुपया

मुठा नदीच्या डाव्या तीरावर, खडकवासल्याहून पुण्याकडे येणाऱ्या वाटेवर वसलेले वारजे १९९७ साली पुणे महानगरपालिकेत गेले. आज महामार्गावरून जाणाऱ्या पाहुण्यास येथे ज्वारीची शेते होती असे सांगितले, तर तो सांगणाऱ्याकडेच पाहत राहील. परंतु ज्यांचे बालपण १९५० नंतरच्या दशकात येथे गेले, त्या वडीलधाऱ्या मंडळींना त्या शेतांतील हुरड्याची चव अजून आठवते. हुरडा कोणाच्या शेतातला होता, हे मात्र ती मंडळी अजूनही सांगत नाहीत.

मुलांचे खरे गाव म्हणजे देऊळ, नदी आणि कालवा. शाळाही होतीच, पण ती मुलांनी निवडलेली नव्हती. खडकवासल्याच्या जुन्या धरणाचा डावा कालवा वारज्याच्या शिवारातून पुढे जाई. इंग्रज सरकारने तो पाण्यासाठी काढला. मुलांना पोहायला शिकविण्याचे काम त्याने फुकट केले. पाठीला वाळक्या भोपळ्याची सांगड बांधायची आणि थोरल्या भावाने मागून ढकलायचे, एवढीच शिकवणी. कपडे काठावर राहत. पाटकऱ्याने ते उचलून नेले, की अंधार पडेपर्यंत पोरे पाण्याबाहेर येत नसत.

देवळात कीर्तन असले म्हणजे मुले सर्वांच्या आधी हजर. बुवांचा पूर्वरंग लहानग्यांना कळत होता असे नव्हे. त्यांचे लक्ष गॅसबत्तीकडे. तिला पंप मारण्याचा मान मिळविण्यासाठी होणारी भांडणे प्रसंगी बुवांच्या आवाजावर चढत. आख्यान रंगात येईपर्यंत बहुतेक श्रोते एकमेकांच्या खांद्यावर झोपी जात आणि खिरापतीच्या वेळी न उठवता उठत.

१ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले आणि पोरांच्या हिशेबाची घडी विसकटली. तोवर रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते. भोकाचा पैसा करगोट्यात ओवता येई. आता रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, पण तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस! म्हणजे एकेक आणा करून चार वेळा खाऊ घेतला, तर चोवीस नव्या पैशांचाच माल मिळे. उरलेला एक पैसा गेला कोठे, यावर ओसरीवर वाद चाले. वडील माणसांनाही तो सोडविता येत नसे; ती फक्त ‘अभ्यासाला बसा’ म्हणत.

१२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेतचे अपुरे धरण फुटले, त्या लोंढ्याने दुपारी खडकवासल्याचेही धरण फोडले आणि मुठा पुण्यात शिरली. ज्या नदीत वारज्याची पोरे मुटके मारीत, तिचे हे रूप कोणी पाहिले नव्हते. त्यानंतर नदीवर जातो म्हटले की आया दाराशी उभ्या राहत. कित्येक घरांत नदीचे नाव पुढे बरीच वर्षे हलक्या आवाजातच निघे. मुले मग कालव्याकडे वळली, म्हणजे घरी न सांगता वळली.

देवासाठी आया पदराच्या गाठीत सव्वा रुपया बांधून ठेवीत. जुन्या नाण्यांत तो एक रुपया चार आणे, नव्यांत एक रुपया पंचवीस पैसे. ही एकच रक्कम दशमान पद्धतीला पुरून उरली. पुढे ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचे नाणे चलनातून गेले. तरीही पूजेला बसलेल्या यजमानास दक्षिणा विचारली, तर तो ‘सव्वा रुपया’ म्हणतो आणि ताम्हनात दोन रुपयांचे नाणे ठेवतो. उरलेले पंचाहत्तर पैसे परत मागितल्याचे अद्याप ऐकिवात नाही.