बाळंभटदादा देवधर : राज्य गेलं, विद्या राहिली

आपल्या दिघीपासून जवळचं श्रीवर्धन हे पेशव्यांचं मूळ गाव. त्या घराण्यातल्या दुसऱ्या बाजीरावाला व्यायाम शिकवणारे उस्ताद म्हणजे बाळंभटदादा देवधर. पैलवानाचं अंग चपळ आणि पकड घट्ट व्हावी म्हणून त्यांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. वणीच्या डोंगरावर माकडं पाहून त्यांना तो सुचला, असं सांगतात. ही आख्यायिका, मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’तही आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली, बाजीराव ब्रह्मावर्ताला गेला. राज्यच उरलं नाही, तर उस्तादाची विद्याही बुडायची. पण शिष्यांनी ती आखाड्या-आखाड्यांत नेली. २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली. उस्तादाची कारकीर्द मोजायची ती अशी, त्याच्या माघारी!